आवक क्रमांक नसलेलं परिपत्रक

ते परिपत्रक मीच टाइप केलं होतं. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं वाचताना कोणीतरी विचारणारच की मॅडम, तुमच्याच टेबलावरून गेलेला कागद तुम्हाला कसा काय खुपला?

पणजीतल्या एका सरकारी कार्यालयात मी आस्थापना शाखेत आहे. रजा, बढती, सेवापुस्तिका, वेतनवाढीच्या तारखा हे माझं काम. घर डिचोलीला. सकाळची कदंबची बस चुकली की दिवस चुकला. इतक्या वर्षांत किती परिपत्रकं टाइप केली याचा हिशेब नाही, पण सगळ्यांच्या शेवटी एक ठरलेली ओळ असते, ‘सक्षम प्राधिकाऱ्याच्या मान्यतेने’. पानात मीठ वाढावं तशी ती मी न बघता वाढत आले. सक्षम म्हणजे कोण आणि कशासाठी सक्षम, हे मला कधी कोणी विचारलं नाही आणि मीही कोणाला विचारलं नाही.

एप्रिल २०२१ मध्ये पंचेचाळीसच्या पुढच्यांना लस खुली झाली तेव्हा मी ‘टीका उत्सव’ नावाच्या लसीकरण मोहिमेतच नाव घातलं. देवळाच्या सभागृहात कोविशिल्ड दिली. टोचून झाल्यावर अर्धा तास बसवून ठेवतात, त्याचा आम्ही बायकांनी गप्पांसाठी उपयोग केला. पंधराएक मिनिटांत माझे ओठ जड झाले, मग जीभ, मग घशात कोणी कापूस कोंबतंय असं वाटायला लागलं. नर्सबाईंनी हात धरून आडवं केलं आणि मांडीत अॅड्रेनालिन दिलं. १०८ आली. म्हापशाला आझिलो इस्पितळात एक रात्र काढली. सकाळी डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं: पहिल्या डोसनंतर तीव्र अॅलर्जी, दुसरा डोस देऊ नये. हे काही त्यांचं खासगी मत नव्हतं. आधीच्या डोसनंतर ज्यांना अशी अॅलर्जी झाली त्यांना पुन्हा ती लस देऊ नये, असं केंद्राच्याच सूचनांत होतं.

लसीवर माझा राग नाही. त्यानंतरच्या मे महिन्यात गोव्याने काय पाहिलं ते इथल्या माणसाला सांगायला नको. ऑक्सिजनवरून उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठात सुनावण्यांवर सुनावण्या चालल्या होत्या, आणि आमच्या वाड्यावर पंधरा दिवसांत चार मर्तिकं झाली. मुलाला लस द्यायला मीच घेऊन गेले. त्याच महिन्यात निगेटिव्ह दाखल्याशिवाय गोव्यात प्रवेश नाही, असं ठरलं. माझी बहीण हद्दीपलीकडे, महाराष्ट्रात बांद्याला असते. पत्रादेवीचा नाका ओलांडला की तिचं घर, पण एवढ्यासाठी नाक खुपसून तपासणी करायची. ती वैतागली, मी नाही वैतागले. त्या दाखल्यामागे उच्च न्यायालयाचा आदेश होता, तारखेसकट, बाजू ऐकून दिलेला. चुकीचा वाटला तर त्याच्यावर दाद मागता येत होती. हा फरक तेव्हा मला शब्दांत सांगता आला नसता.

ऑक्टोबरात अधीक्षकांनी हाताने लिहिलेला मसुदा आणून दिला. १ नोव्हेंबरपासून दोन्ही डोसचं अंतिम प्रमाणपत्र दाखवल्याशिवाय कार्यालयात प्रवेश नाही. हजेरीपटावर सही नाही. गैरहजेरी विनावेतन धरली जाईल. मी टाइप करता करता म्हटलं, “सर, वैद्यकीय कारण असलं तर? एक ओळ घालू?”

“नको. वयल्यान आयलां.”

वरून आलंय. आता आवक-जावकचं टेबल माझ्या उजव्या हाताला. वरून काही आलं की ते आधी तिथे चढतं, त्याला क्रमांक पडतो, मग ते साहेबांकडे जातं. मी महिन्याभराची नोंदवही चाळली. वित्त खात्याचं आलं होतं, कार्मिक खात्याचं दोन, डेंग्यूचं एक. हे नव्हतं. तरी शेवटची ठरलेली ओळ मी घातली, टिपणीवर आद्याक्षरं मारली आणि फाइल पुढे सरकवली. मनात होतं की माझा डॉक्टरांचा कागद दाखवला की मला वगळतील.

वगळलं नाही. अर्जावर उत्तर आलं, ‘परिपत्रकात सूट देण्याची तरतूद नाही.’ तरतूद नाही हे मला ठाऊक होतं. ती घालू का, असं विचारणारी मीच होते.

१ नोव्हेंबरला, सोमवारी, दारावरच्या रखवालदाराने मला अडवलं. बिचारा लाजला. माझ्याच हाताखालून त्याच्या भविष्य निर्वाह निधीचे कागद गेलेले. मी व्हरांड्यातल्या बाकावर बसले. संध्याकाळी म्हापशाला एका वकिलांकडे गेले. नवऱ्याच्या ओळखीचे, सगळे त्यांना वकीलबाब म्हणतात. ते म्हणाले, “बाय, घरी बसू नकोस. घरी बसलीस की तू गैरहजर. रोज साडेनऊला ये, बाकावर बस, आणि रोज एक ओळ लिहून दे की मी कामाला हजर आहे, मला आत घेतलं नाही. पोच घे.” सरकारी नोकराने आयुष्यभर लक्षात ठेवावा असा हा सल्ला. दिवाळीची सुटी सोडून मी तेच केलं. माझ्याकडे अजून त्या पोचांची चळत आहे. काहींवर चहाचे डाग आहेत, कारण बाकावर टेबल नव्हतं.

दुसरा सल्ला माहिती अधिकाराचा. त्यात मी स्वतः मुरलेली, कारण आमच्याकडे येणाऱ्या अर्जांची उत्तरं मीच तयार करते. लोक अर्जात काय चुका करतात ते मला पाठ आहे. ‘माझ्यावर अन्याय का केला?’ असं विचारतात, आणि आम्ही ‘का’ ही माहितीच्या व्याख्येत बसत नाही म्हणून हात झटकतो. म्हणून मी एकही ‘का’ घातला नाही, नुसते कागद मागितले. ज्या कायद्याच्या किंवा नियमाच्या कलमाखाली हे परिपत्रक काढलं त्याची प्रत. राज्य कार्यकारी समिती, जिल्हाधिकारी किंवा आरोग्य खात्याकडून यासंबंधी आलेल्या आदेशाची प्रत, आवक क्रमांकासह. मान्यता देणाऱ्या अधिकाऱ्याला हा अधिकार सोपवल्याच्या आदेशाची प्रत. आणि फाइलवरच्या टिपणीची प्रत. दहा रुपये भरले. पावती फाडणारा सहकारी म्हणाला, “मॅडम, तुम्ही पण?”

तिसाव्या दिवशी उत्तर आलं. पहिल्या तीन मुद्द्यांवर ‘सदर माहिती या कार्यालयाच्या अभिलेखात उपलब्ध नाही.’ चौथ्यावर दोन पानांची टिपणी. आमच्या टिपण्या इंग्रजीत असतात, मराठीत सांगायचं तर: ‘तोंडी निर्देशानुसार मसुदा सादर.’ खाली अधीक्षकांची सही. त्याच्या बाजूला माझी आद्याक्षरं, चांगली ठळक. त्याखाली ‘मान्य’.

एवढंच. एका माणसाचा पगार थांबवायला एवढं पुरलं होतं, आणि त्यात माझा हात होता.

मी पहिलं अपील करायला निघाले होते, वकीलबाबनी थांबवलं. “वेडी आहेस का? ‘उपलब्ध नाही’ हेच तर आपल्याला हवं होतं.” मग त्यांनी जे समजावलं ते मी तेव्हा बसच्या तिकिटाच्या मागे टिपून घेतलं. साथीत सरकारला अधिकार नसतात असं नाही, भरपूर असतात, पण ते कोणाला आहेत हे कायद्याने नाव घेऊन सांगितलंय. आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ चा. त्यात केंद्राची कार्यकारी समिती, राज्यात मुख्य सचिवांच्या अध्यक्षतेखालची कार्यकारी समिती, जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांचं प्राधिकरण. साथरोग कायदा १८९७ चा. पुण्याचा प्लेग, रँड आणि चापेकर शाळेत शिकलो, त्यावेळचा. मूळ कायदा अवघ्या चार कलमांचा, पण त्यातही तात्पुरते नियम राज्य सरकारने करायचे आणि ते जाहीर सूचनेने करायचे, असं लिहिलंय. ब्रिटिशांनीसुद्धा तोंडी निर्देशावर भागवलं नाही. गोव्याचा स्वतःचा सार्वजनिक आरोग्य कायदा आहे, १९८५ चा. बांधकाम मजुरांना हेल्थ कार्ड लागतं ते त्याच्याच आधाराने. “या साखळीत तुझं कार्यालय कुठे बसतं ते दाखव,” वकीलबाब म्हणाले. कुठेच बसत नव्हतं. कार्यालयप्रमुखाला रजा मंजूर करायचा अधिकार आहे, पंखा दुरुस्त करून घ्यायचा आहे. माझ्या दंडात काय जावं हे ठरवायचा नाही.

त्यांनी १९८६ चा एक निकाल सांगितला, बिजो इमॅन्युएलचा. केरळातली तीन भावंडं, राष्ट्रगीताच्या वेळी आदराने उभी राहायची पण धार्मिक कारणाने गायची नाहीत. शाळेने काढून टाकली. शिक्षण खात्याच्या परिपत्रकांचा आधार होता. सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की खात्याच्या परिपत्रकांना कायद्याचं बळ नाही, मूलभूत हक्कावर बंधन घालायचं तर ते कायद्याने घालावं लागतं, आणि मुलांना परत घ्यायला लावलं. मी शाळेत असतानाचा निकाल. पुढे मी उभी हयात परिपत्रकं टाइप करण्यात घालवली आणि हे मला कोणी सांगितलं नव्हतं. आमच्या खात्याच्या प्रशिक्षणात मसुदालेखन शिकवतात. समास किती सोडायचा तेही शिकवतात.

मुक्तिदिनाच्या दुसऱ्या दिवशी, २० डिसेंबरला, मला आत घेतलं. मन बदललं असं समजू नका. १ जानेवारीला प्रत्येक कर्मचाऱ्याच्या खात्यात पंधरा दिवसांची अर्जित रजा चढवायची असते, वर्षअखेरीच्या निवृत्तीच्या फाइली तुंबल्या होत्या, आणि हे करणारी कार्यालयात मीच. रखवालदाराला कोणीतरी तोंडी सांगितलं, मॅडमना सोड. तोंडी थांबवलं, तोंडीच सोडलं.

पण शेवटचे सुटीचे दोन दिवस सोडून ४७ दिवस सेवापुस्तिकेत असाधारण रजा म्हणून लागले होते. बाहेरच्या माणसाला हा शब्द मोठेपणाचा वाटेल, पण असाधारण रजा म्हणजे बिनपगारी, आणि वैद्यकीय दाखल्याशिवायची असली तर वेतनवाढीच्या गणनेतूनही ते दिवस जातात. इथे मात्र त्यांनी माझ्या अंगणात पाय ठेवला होता. आम्हाला केंद्राचे १९७२ चे रजा नियम लागतात. त्यातला ३२ वा नियम सांगतो की दुसरी कुठलीच रजा शिल्लक नसेल, किंवा शिल्लक असूनही कर्मचाऱ्याने स्वतः लेखी मागितली असेल, तरच असाधारण रजा देता येते. माझ्या खात्यात दोनशेच्या वर दिवस होते आणि मी काही मागितलं नव्हतं. संविधानाच्या गोष्टी मला वकीलबाबनी शिकवल्या, पण हे मी त्यांना शिकवलं. ते खूश झाले.

जानेवारीत एक गंमत झाली. न्यू जर्सीतल्या पुतण्याचा रात्री फोन. “काकी, तुमच्यासारखीच केस इथे सुप्रीम कोर्टात झाली!” १३ जानेवारी २०२२. तिथल्या कामगार सुरक्षेच्या केंद्रीय संस्थेने, ओशा तिचं नाव, शंभर किंवा जास्त कामगार असलेल्या मालकांना नियम लावला होता की कामगारांनी लस घ्यावी, नाहीतर दर आठवड्याला चाचणी आणि मास्क. सुमारे ८ कोटी ४० लाख माणसं त्यात येत होती. न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी नियम रोखला. कारण असं, की संसदेने या संस्थेला कामाच्या जागेवरचे धोके रोखायचा अधिकार दिला आहे. कोविड घरी, शाळेत, मैदानावर सगळीकडे होतो, आणि अख्ख्या जनतेचं आरोग्य हाती घ्या असं त्या १९७० च्या कायद्यात कुठे म्हटलेलं नाही. मला वाटलं, बरोबर, आमचंच की!

पण पुतण्याने अर्धीच बातमी दिली होती. त्याच दिवशी त्याच न्यायालयाने दुसरी सक्ती पाच विरुद्ध चार मतांनी चालू ठेवली. सरकारी आरोग्य योजनांचे पैसे घेणाऱ्या इस्पितळांतल्या कर्मचाऱ्यांसाठीची. पैसे घेणाऱ्या इस्पितळांवर रुग्णांच्या सुरक्षेसाठी अटी घालायचा अधिकार त्या खात्याच्या मंत्र्याला कायद्यानेच दिला होता, म्हणून. लस तीच, विषाणू तोच, तारीख तीच. बदललं होतं ते फक्त कायद्याने कोणाच्या हातात काय दिलंय एवढंच. अमेरिकेचा निकाल आपल्याकडे चालत नाही, त्यांची घटना वेगळी. पण दोन वाक्यांत सांगायचं झालं तर बाकावर बसून मला जे कळलं ते हेच होतं, आणि लसविरोधी म्हणून माझ्या नावाने खडे फोडणाऱ्या सहकाऱ्यांना मी हीच जोडगोष्ट सांगायची. बहुतेकांना पहिली आवडायची किंवा दुसरी. दोन्ही मिळून कोणाला आवडलेली मला आठवत नाही. लस नको म्हणणाऱ्या एका ग्रुपनेही मला सामील करून घेतलं होतं. तिथे मी दुसरी गोष्ट टाकली आणि त्यांनी मला काढलं.

त्याच आठवड्यात इकडे केंद्र सरकारने आपल्या सर्वोच्च न्यायालयात प्रतिज्ञापत्र दिलं की कोणाच्याही संमतीशिवाय लस टोचण्याची सूचना आम्ही दिलेली नाही आणि कुठल्याही कामासाठी प्रमाणपत्र बाळगणं आम्ही सक्तीचं केलेलं नाही. आरोग्य मंत्रालयाच्या प्रश्नोत्तरांत तर लस ऐच्छिक आहे हे डिसेंबर २०२० पासून होतं. मेघालय उच्च न्यायालयानेही जून २०२१ मध्ये, दुकानदार आणि टॅक्सीवाल्यांना लस घेतल्याशिवाय धंदा सुरू करू न देणाऱ्या आदेशांवर, सक्ती चालणार नाही असं म्हटलं होतं. फेब्रुवारीत मुंबई लोकलच्या प्रकरणात आमच्याच उच्च न्यायालयाने महाराष्ट्राला सुनावलं की प्रवासबंदीचे ते आदेश काढताना ठरवून दिलेली कार्यपद्धती पाळली नव्हती. म्हणजे साखळीच्या वरच्या कडीलाही कागद लागतो, मग आम्ही कोण.

हे सगळं घालून मी सहा पानी निवेदन दिलं. दीड महिना उत्तर नाही. वकीलबाब म्हणाले, आता पर्वरी, म्हणजे उच्च न्यायालय. अनुच्छेद २२६, रिट याचिका, कलमाचा आधार नसलेला आदेश पहिल्या तारखेला पडेल. मी नाही म्हटलं. हे मला अजून खातं. खर्च होताच, पण खरं कारण भीती. ज्यांच्याविरुद्ध याचिका, त्यांच्याच सहीने माझा गोपनीय अहवाल जातो. वकीलबाब काही बोलले नाहीत, फाइल बांधून परत दिली आणि फी घेतली नाही. ती न घेणं जास्त लागलं.

२ मे २०२२ ला सर्वोच्च न्यायालयात लसीच्या सक्तीवरच्या जेकब पुलियेल खटल्याचा निकाल आला. न्यायमूर्ती नागेश्वर राव आणि न्यायमूर्ती गवई. शरीरावरचा हक्क अनुच्छेद २१ मध्ये, म्हणजे जगण्याच्या हक्कात येतो, कोणावरही लसीची सक्ती करता येणार नाही. मग लोक जे वाक्य वगळतात ते: सार्वजनिक आरोग्यासाठी सरकार बंधनं घालू शकतं, पण ती खासगीपणाच्या हक्कावरच्या २०१७ च्या पुट्टस्वामी निकालातल्या तीन कसोट्यांवर उतरली पाहिजेत. कायदा हवा, रास्त गरज हवी, आणि बंधन गरजेच्या प्रमाणात हवं. लस न घेतलेल्यांकडून घेतलेल्यांपेक्षा जास्त संसर्ग होतो असा पुरावा सरकारांनी समोर ठेवला नाही, म्हणून रुग्णसंख्या कमी आहे तोवर असे निर्बंध मागे घ्यावेत, असं न्यायालयाने सुचवलं. लसीकरणाचं धोरण मनमानी आहे हे मात्र मान्य केलं नाही. मी त्याची प्रत काढली आणि तीन कसोट्यांखाली पेन्सिलने रेघ मारली. दुसरी आणि तिसरी कसोटी विद्वानांसाठी. आमचं परिपत्रक पहिलीलाच अडखळत होतं.

प्रत जोडून पुन्हा निवेदन दिलं. ऑगस्टात आदेश निघाला. तो टाइप करायला माझ्याकडे दिला नाही, शेजारच्या टेबलावर दिला. ४७ दिवसांची असाधारण रजा रद्द, त्याऐवजी अर्जित रजा मंजूर. पगाराची थकबाकी मिळाली, वेतनवाढीची तारीख परत जागेवर आली. सहकाऱ्यांनी पेढे मागितले, मी दिले.

घरी जाताना बसमध्ये हिशेब केला. अर्जित रजा माझीच. निवृत्तीच्या वेळी तीनशे दिवसांपर्यंत तिचे पैसे मिळतात. म्हणजे त्यांनी मला माझ्याच खिशातून पगार दिला होता. मी तर रोज हजर होते, पोचा आहेत, मग रजा कसली? ते दिवस कर्तव्यकाळ म्हणून धरायला हवेत. आणि मूळ परिपत्रक? ते कोणी मागे घेतलं नाही. आजही ते फाइलीत आहे, माझ्या आद्याक्षरांसकट. कागदोपत्री बघायला गेलं तर मी रोज बेकायदा कार्यालयात शिरते.

गेल्या महिन्यात मी तिसरा अर्ज दिला. ४७ दिवस कर्तव्यकाळ धरावेत, आणि ते परिपत्रक रद्द केल्याचं दुसरं परिपत्रक काढावं. आवक-जावकची मुलगी रजेवर होती म्हणून नोंदवहीत तो मीच चढवला, तारीख घातली, क्रमांक टाकला आणि साहेबांच्या टपालात ठेवला.